पंधरा दिवसांवरच्या ओळी

ताईनं लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि आलेखाच्या उजव्या टोकाला लांबलेल्या शेपटीभोवती गोल काढला. तो इतका रेटून काढला की कागद फाटला.

"हे काय आहे?"

समोर बसलेल्या बापूनं फाटलेल्या जागेकडे पाहिलं. "मुक्काम. बाळंतीण किती दिवस खाटेवर राहते, ते."

"तेवढं मला वाचता येतं. ही शेपटी कुठून आली, ते विचारतेय. वीस दिवस, तीस दिवस, चाळीस दिवस. बाळंतपणाला आलेली बाई चाळीस दिवस खाट अडवून करते काय? कादंबरी लिहिते?"

तिसऱ्या खुर्चीतले सचिव खो-खो हसले. त्यांना हसू लवकर येई, विशेषतः ज्या विनोदानं ट्रस्टचा खर्च वाचण्यासारखा असेल त्यावर. नव्या प्रसूतिगृहाचे नकाशे त्यांच्या बगलेत होते आणि भिंती कुठे घालायच्या ते खाटांच्या आकड्यावर अडलं होतं. त्यांना बारा खाटा हव्या होत्या. बापूचं मॉडेल अठरा म्हणत होतं. ट्रस्टच्या पाचही रुग्णालयांत असा नियम होता की कुठलाही आकडा विश्वस्तांपुढे जायचा तर त्यावर आधी आकडेवारी सांभाळणाऱ्या ताईची सही हवी. म्हणून तर तिला सगळे पाठीमागे 'चाळणी' म्हणत. तिलाही ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

बापू तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आई हौसेनं 'जावईबापू' म्हणायची, त्यातला जावई गळून गेला आणि बापू उरला. ताई त्याला लग्नाच्या आधीपासून पाण्यात पाहत होती. "मुलाला सरासरी काढता येते, पण संसाराला तेवढं पुरत नाही," असं ती बैठकीतच बोलली होती आणि ते बोलणं पडद्याआड बसलेल्या नवऱ्या मुलानं ऐकलं होतं. दोघांनी ते नंतर कधी काढलं नाही, पण विसरलंही नाही. आता तो ट्रस्टच्या नियोजन विभागात कंत्राटावर होता. हे मॉडेल पास झालं तर कायम होणार होता, नाहीतर गाशा गुंडाळून बायकोमुलीसह दुसरं शहर धरणार होता. धाकटीनं हे फोनवर एकदाच, कोरड्या आवाजात सांगितलं होतं. 'तू बघ काय करायचं ते,' असंही म्हणाली नव्हती.

मॉडेल तसं साधं होतं. संगणकाच्या आत एक खोटा वॉर्ड. त्यात खोट्या बाळंतिणी येतात, कधी एकेक, कधी झुंडीनं. खाट असेल तर मिळते, नसेल तर दारातून परत जातात. संगणक वर्षभराचा हा खेळ डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळतो आणि परत गेलेल्या मोजतो. पहिल्यांदा बापू ते घेऊन आला तेव्हा ताईनं विचारलं होतं, "पहिल्या दिवशी तुमचा वॉर्ड रिकामा कसा? खरा वॉर्ड कधी रिकामा पाहिलाय? सुरुवातीचे महिने मोजणीतून काढा, वॉर्ड भरू द्या, मग मोजा." त्यानं ते केलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पाच वेळा चालवून आकडा सांगता? पाच वेळा नाणं उडवून कुणी नाण्याचं चारित्र्य सांगत नाही." त्यानं हजारो वेळा चालवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सरासरीवर खाटा ठरवता? सरासरीला पुरणारा वॉर्ड निम्मे दिवस ओसंडतो. वाईट दिवस दाखवा मला." त्यानं तेही दाखवलं. सल्ला प्रत्येक वेळी खरा होता, आणि प्रत्येक वेळी तो त्याच्या तोंडावर फेकलेला होता. बापूनं तो मुकाट्यानं उचलला, पुसला आणि वापरला. ताईला सगळ्यात जास्त राग याचाच येत होता.

आता ही शेपटी. ही मात्र तिला आयती सापडली होती.

"मी दिलेल्या डेटात सगळ्यात लांब मुक्काम चौदा दिवसांचा आहे," ती सचिवांकडे पाहत म्हणाली. "त्याच्या पुढे एकही बाई नाही. यांनी हातानं घुसडल्यात. अठरा खाटा येतात त्या या बायकांमुळे. शेपटी कापली की बारा."

"बारा," सचिव म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी मांडीवर घेतली.

"बापू, मी सरळ विचारते. आकडा आधी ठरवलात आणि मग त्याला बायका शोधल्यात, की कसं?"

"नाही."

"मग कुठून आल्या?"

"पाहिल्यात."

"कुठे? स्वप्नात?"

बापूनं सचिवांकडे पाहिलं. "हे आपण दोघं नंतर बोलू."

"का बरं? नंतर कशाला? साहेबांसमोर होऊन जाऊ दे. मॉडेलमध्ये घरगुती काही नसतं."

ती हे गोड आवाजात म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला ते कळलं नाही. समोरचा माणूस तोंडावर पडणार म्हणून तिला जे बरं वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"घरगुतीच आहे," बापू म्हणाला. त्यानं फाटका कागद उचलून घडी केला. "चाळीस दिवस खाट अडवून काय करते, विचारलंत ना? तापानं फणफणत पडून राहते. टाके उसवतात, ते पुन्हा घालतात. पुन्हा उसवतात. बाळ वरच्या मजल्यावर आणि ही खाली. मी बाहेरच्या बाकावर झोपायचो. त्या खोलीत चार खाटा होत्या आणि चारही जणी तशाच. नर्स त्या खोलीला मुक्कामाची खोली म्हणायच्या. बाकीच्या बाळंतिणी येऊन तीन दिवसांत घरी जायच्या. या चौघी तिथेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, वॉर्ड कशानं तुंबतो ते."

"कुठली बाई?" ताईनं विचारलं, पण आवाज आधीसारखा आला नाही.

"तुमची बहीण."

सचिवांनी कपातल्या गार चहावरची साय बोटानं बाजूला सारली आणि ती बशीला पुसली.

ताई त्या वेळी जनगणनेच्या कामावर परगावी होती. धाकटीचा फोन आला होता, की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, तू काम टाकून येऊ नकोस. ती परतली तेव्हा धाकटी घरी होती, बारीक झाली होती, आणि बाळंतपणानंतर बायका सुटतात ही बारीक कशी झाली, यावर ताईनं काहीतरी थट्टाही केली होती.

"ती मला म्हणाली, सगळं नीट झालं."

"हो. तिनं ठरवलं होतं तसं सांगायचं."

"का?"

"ते तिला विचारा. मी इथे खाटांसाठी आलोय."

आणि तरीही ताईच्या तोंडून जे निघालं ते हे: "एका बाईवरून शेपटी काढता येत नाही."

"चार," बापू म्हणाला. तो आता खरंच चिडला होता, कारण त्याचा आवाज खाली आला. "एक तुमची आणि तीन लोकांच्या. मला काढता येत नसेल, मान्य. मी अंदाजानं काढली, तेही मान्य. पण तुम्ही सांगा. तुमच्या डेटात चौदाच्या पुढे कुणी नाही. मग या चौघी गेल्या कुठे? ते रुग्णालय ट्रस्टचंच आहे. कागदावर त्या कधी आल्याच नाहीत की काय?"

त्या कुठे गेल्या, हे ताईला प्रश्न संपायच्या आधीच कळलं होतं.

नोंदी करणारे कारकून बाई घरी गेल्याची तारीख टाकायला हमखास विसरत. मग संगणकाला वाटे, बाई अजून आतच आहे. अशा ओळी वर्ष वर्ष लांबत, कुणी बाळंतीण साडेतीनशे दिवस खाटेवर दिसे, आणि सगळे आकडे नासत. ताई नवी नवी या कामावर आली तेव्हा या घाणीला वैतागून तिनं एक नियम लिहिला. पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त मुक्काम म्हणजे तारीख विसरले, ओळ काढून टाका. त्या एका ओळीच्या नियमानं सगळं कसं स्वच्छ झालं. विश्वस्तांनी कौतुक केलं. त्यानंतर तो नियम रोज पहाटे आपोआप चालत होता, पाचही रुग्णालयांसाठी, आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिनंही नाही. ज्याला त्याला 'तुमचा डेटा कुठून आला' विचारत फिरणाऱ्या बाईनं स्वतःला ते कधी विचारलं नव्हतं.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली.

"म्हणजे बारा धरू ना?" सचिवांनी विचारलं.

"सोमवारी म्हटलं ना!" ती त्यांच्यावर खेकसली.

दोघे गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि जुन्या, न गाळलेल्या नोंदी उघडल्या. काढून टाकलेल्या ओळींत कारकुनांच्या चुका भरपूर होत्या. तिचा नियम अगदीच वेडा नव्हता, एवढा दिलासा तिला मिळाला. मग तिनं जे तेव्हाच करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक ओळीशेजारी औषधांची नोंद लावली. कारकून विसरला असेल तर औषध पहिल्या आठवड्यातच थांबलेलं दिसे. पण काही ओळींत औषध शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं. सकाळ, दुपार, रात्र. म्हणजे खाटेवर बाई होती. या ओळी थोड्या होत्या, पण त्या मिळून वॉर्डातल्या खाटांचे इतके दिवस खात होत्या की ताईनं बेरीज पुन्हा करून पाहिली.

मग तिनं बापूचं मॉडेल पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं चालवलं. आतापर्यंत नुसतं कागदावर टोचलं होतं. मॉडेल नीट बांधलेलं होतं. त्यात तिच्या तिन्ही सूचना जिथल्या तिथे होत्या, आणि प्रत्येकीशेजारी त्यानं 'ताईंची सूचना' असं लिहून ठेवलं होतं. त्यात टोमणा असेल म्हणून तिनं ते दोनदा वाचलं, पण टोमणा नव्हता. त्याची अंदाजाची शेपटी काढून तिनं खऱ्या बायका आत घातल्या. अठरा खाटा पुरल्या नाहीत. वीस लागल्या.

चूक झाकायची तर सोपं होतं. 'चार बायकांवरून अनुमान नको' हे वाक्य कुठल्याही पुस्तकात खरं ठरलं असतं. सचिवांना बारा मिळाल्या असत्या, बापू तोंडघशी पडला असता, आणि चाळणीची जाळी तपासायला कुणी आलं नसतं. ताईनं हा विचार पूर्ण केला, अर्धवट सोडला नाही. तिला तो कबूल करावंसं वाटेल त्याहून जास्त वेळ आवडला. मग तिला स्वतःची शिसारी आली, आणि नियमाची ती ओळ खोडून तिनं त्या जागी औषधांच्या नोंदीची अट घातली. काम संपलं होतं. तरी ती बसून त्या परत आणलेल्या ओळी वर-खाली, वर-खाली सरकवत राहिली. शिपायानं दिवे मालवायचे का विचारलं तेव्हा कुठे उठली.

सोमवारी तिनं सचिवांपुढे दोन कागद ठेवले. एकावर बापूच्या मॉडेलखाली तिची सही होती आणि अठराच्या जागी वीस होते. दुसऱ्या कागदावर तिच्या नियमात काय चुकलं आणि त्यामुळे पाचही रुग्णालयांचे कुठले कुठले अहवाल चुकले, ते लिहिलं होतं. सचिवांनी दुसरा कागद आधी वाचला.

"ताई, हे असं लेखी द्यायलाच हवं का? आपण हळूच दुरुस्त करून टाकू. उगाच आपल्याच पायावर धोंडा."

"नव्या इमारतीच्या भिंती हळूच दुरुस्त होतात का?"

"वीस म्हणजे आम्हाला एक पूर्ण खोली वाढवावी लागेल."

"वाढवा."

"विश्वस्त विचारतील, इतकी वर्षं ही बाई करत काय होती."

"विचारू द्या. मीही तेच विचारतेय."

बापू बाहेर जिन्यापाशी उभा होता. दार उघडंच होतं, म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. ताई जवळ आल्यावर त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

"आभार मानायला हवेत का?" त्यानं विचारलं.

"नको."

"बरं झालं. मानणार नव्हतो."

"तुमचं मॉडेल चांगलं आहे," ती म्हणाली. "शेपटी बारीक धरली होतीत. जाड हवी होती."

"कळलं." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "तुम्हाला खरं सांगू? मला सहीचं काही नव्हतं. तुमच्या समोर बसून तुमच्याच बहिणीला 'घुसडलेली बाई' म्हणताना ऐकायचं, याची मात्र तयारी नव्हती."

"मला माहीत नव्हतं."

"तेच तर."

"आहे का ती घरी?"

"आहे. पण मी तुम्हाला बोलावलेलं नाही, हे लक्षात असू द्या."

धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. मागे मुलगी जमिनीवर पालथी पडून रंगीत खडूनं काहीतरी गिरवत होती. धाकटीनं बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, 'ये' म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

"यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "सही केलीस म्हणे."

"हो."

"मग आता काय?"

ताई उभीच राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"काय केलं असतंस?"

"आले असते."

"आली असतीस. आणि आल्या आल्या डॉक्टरला विचारलं असतंस, असं शेकडा किती जणींना होतं." धाकटीनं टॉवेल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "सातव्या महिन्यात मी तुला म्हटलं होतं, ताई, मला भीती वाटते. आठवतं? तू म्हणालीस, हजारात दोघी-तिघींचं बिघडतं, तू कशाला त्यात येशील, उगाच रडगाणं लावू नकोस. मग मी त्यात आले. तिथे पडल्या पडल्या मला तापापेक्षा याचीच लाज वाटायची. म्हटलं, ताईला कळलं तर म्हणेल, हिला हेही धड जमलं नाही."

"असं म्हटलं नसतं मी."

"नसतंस कदाचित. पण मला तसं वाटलं, त्याचं काय करशील?"

सवयीनं ताईच्या तोंडून नको तोच प्रश्न निघून गेला.

"किती दिवस होतीस?"

धाकटी हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "मला काय विचारतेस? तुझ्या फाइलमध्ये आता परत आल्यात ना सगळ्या? बघायचं तिथे."

"बघितलं. शुक्रवारी बसून बघितलं." ताई खुर्चीच्या पाठीवरच्या टॉवेलकडे पाहत होती. "नावं नसतात गं त्यात. नुसत्या ओळी असतात. त्यातली तू कुठली, ते मला ओळखता आलं नाही."

"तारखा असतात की."

"असतात."

तारखा असूनही बहिणीला ओळ का सापडली नाही, हे धाकटीला कळायला जरा वेळ लागला. आई होती तोवर दरवर्षी आई वाढदिवसाची आठवण करून द्यायची आणि ताईकडून फ्रॉक यायचा. आई गेल्यापासून आला नव्हता. धाकटीच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो पूर्ण यायच्या आत तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"इकडे ये गं," तिनं मुलीला हाक मारली. "ही मावशी. हिला सांग, तुझा वाढदिवस कधी असतो."

मुलगी उठून आली. तिनं आधी महिना सांगितला, मग तारीख, आणि मग खडूनं माखलेली चार बोटं वर केली.

परत आणलेल्या ओळींत त्या आठवड्यातली एकच होती. तिच्यापुढचा दिवसांचा आकडा ताईला पाठ होता. पण तिनं तो उच्चारला नाही, आणि धाकटीनंही विचारला नाही.